साबळेभाऊंनी न ओळखलेला डाग

लाल शाईच्या एका बारक्या डागापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. नुसती नोकरी गेली असती तरी बरं, पोलीस चौकीची पायरीही चुकली नसती. वडील नाहीत, घरात आई आणि शिकणारे दोन भाऊ, आणि चूल पेटायची ती माझ्या पगारावर. तो डाग कुठल्या मशीनचा हे छातीठोक सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो इतका भित्रा की साहेबांच्या खोलीतली घंटा वाजली तर आधी तांब्याभर पाणी प्यायचा आणि मग उठायचा. अशा माणसाच्या एका शब्दावर माझं सगळं टांगलेलं. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

त्यांचं नाव साबळेभाऊ. लोणावळ्याच्या आमच्या ऑफिसात ते सायक्लोस्टाइलचं मशीन चालवायचे. साठ सालानंतरची गोष्ट. खोऱ्यात धरण व्हायचं होतं, आणि पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींच्या नोटिसा छापून गावोगाव धाडायला हे तात्पुरतं ऑफिस उघडलं होतं. एका बंद बंगल्याच्या चार खोल्या, त्यातली मागची खोली मशीनची. मी तळेगावहून रोज गाडीने यायचे. मी टायपिस्ट. मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकून द्यायचे, भाऊ ती ड्रमवर चढवायचे आणि हँडल फिरवून एकेक प्रत काढायचे. आता ऑफिसात बटण दाबलं की रंगीत प्रत बाहेर येते. आमच्याकडे रंग म्हणजे दोन वेगळे ड्रम, एक काळ्या शाईचा, एक लाल. नोटिशीचा मजकूर काळा, मथळा आणि शेवटची तारीख लाल. म्हणजे प्रत्येक कागद दोनदा मशीनमधून जायचा, आणि मधल्या वेळात काळी शाई वाळायला हवी. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर अंगावरचं लुगडं वाळत नाही, शाई कुठली वाळायला!

भाऊ काटकुळे, पन्नाशीच्या आसपासचे. खाकी शर्ट, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, आणि बोटं बारा महिने काळी-लाल. शर्टाच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेला नेमणुकीचा कागद. रोज. एकदा मी हसून विचारलं, भाऊ, हा कशाला वागवता, कोण मागणार आहे? ते हसले नाहीत. म्हणाले, "कुनी म्हनलं, तू हितं कशाला बसलायस, तर दावाया काय तरी पायजे न्हवं?"

लोहगडाच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. त्यांच्या घरात पगार आणणारे ते पहिले. छप्पन साली सगळ्या घराने धम्म घेतला, तेव्हा गावात काय काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की वर्षभर त्यांचं पीठ दुसऱ्या गावच्या गिरणीतून यायचं. ऑफिसात स्वतःची कपबशी घरून आणलेली. शिपाई एकदा म्हणाला, अहो, आता कोण पाहतंय, आमच्यातलीच घ्या की. भाऊ "असू द्या" म्हणाले आणि आपली बशी आपण विसळून ठेवली. मी तेव्हा चोवीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. म्हणायचे, भाऊ, तुम्ही मांजर आडवं गेलं तरी मांजराची माफी मागाल. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण त्यांच्या त्या भीतीतूनच त्यांची विद्या आली होती. छपाईत काही वावगं दिसलं की ठपका आपल्यावर येणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. म्हणून ते डाग शोधायचे, वैद्य नाडी बघतो तसे. कागदावर डाग दिसला की हँडल थांबवायचं, लागोपाठचे पाच कागद जमिनीवर ओळीने मांडायचे आणि उकिडवं बसून बघत राहायचं. मला त्यांनी शिकवलं ते असं: डाग प्रत्येक कागदावर त्याच जागी असेल तर खोट ड्रममध्ये नाहीतर स्टेन्सिलमध्ये. जागा बदलत सरकत जात असेल तर खालच्या रबरी रुळाला काहीतरी चिकटलंय, कारण रुळाचा फेरा कागदापेक्षा लहान. एखाद्याच कागदावर असेल तर कागदाला दोष द्या आणि गप्प बसा. पाठीवर आदल्या कागदाची सावली उमटली तर शाई जास्त, किंवा हवा ओली. "मशिन खोटं बोलत न्हाई बाई," म्हणायचे, "मान्सानं नीट बघाया पायजे."

आणि मग ती डागवही. जाडजूड, पुठ्ठ्याची. बिघडलेल्या कागदाचा डागापुरता तुकडा कापून वहीत डकवायचा, खाली दिवस, हवा कशी होती, कारण काय निघालं, उपाय काय केला. अक्षर शाळकरी, पण एक काना इकडचा तिकडे नाही. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना ती वही कौतुकाने दाखवायचे. आमच्या साबळ्याला कुठलाही डाग दाखवा, म्हणायचे, तो कुळगोत्र सांगतो. त्या कौतुकानेसुद्धा भाऊंना घाम फुटायचा.

पावसाळ्यात कागद दमट व्हायचा, दोन-दोन कागद एकदम ओढले जायचे. कागदाच्या कपाटात भाऊ दिवसभर बल्ब पेटता ठेवायचे. एका जुलैत तोही पुरेना. तेव्हा त्यांनी काय करावं? दोन रिमं घरी नेली आणि चुलीवरच्या माळ्यावर, भाताच्या कणगीशेजारी वाळत ठेवली. न्यायच्या आधी हेडक्लार्ककडून लेखी परवानगी घेतली, तीही कागद मोजून. कागद वाळले कडकडीत. छपाई काय सुरेख आली! पण पुण्याहून मोठे साहेब आले, त्यांनी नोटीस हातात घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, याला बोंबलाचा वास का येतोय? आम्ही सगळे तोंड दाबून हसलो. भाऊंनी खिशातून परवानगीचा कागद काढून टेबलावर ठेवला. पुढे महिनाभर ते विचारत होते, बाई, साहेबांनी ते कुठं लिहून तर नसंल घेतलं?

खोटं मात्र त्यांना जमायचंच नाही. अकरा कागद वाया गेले तर हेडक्लार्कने विचारायच्या आधी जाऊन सांगायचे, अकरा गेले. खोटं बोलल्यावर लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढं धैर्य आपल्यात नाही, असं ते म्हणायचे.

एक डाग मात्र त्यांना तीन वर्षं पुरून उरला. लाल ड्रमचा. कागदाच्या उजव्या कडेपासून दोन बोटं आत, खालच्या अंगाला, नखाच्या कोरीएवढा, वाकडा. प्रत्येक कागदावर त्याच जागी, म्हणजे खोट ड्रममध्ये हे नक्की. भाऊंनी ड्रम रॉकेलने धुतला, वरचं कापड बदललं, बोटांनी चाचपून पाहिला. पन्नास कागद बरे जायचे, की पुन्हा हजर. त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं पाहुणा. साहेबांना सांगायची सोय नव्हती. ड्रम तूच ठेचलास म्हणतील ही भीती. मग करायचं काय? अर्ध्या ब्लेडने प्रत्येक नोटिशीवरचा पाहुणा अलगद खरवडायचा. तीनशे नोटिसा, तर तीनशे वेळा. मीही जेवणानंतर त्यांच्याशेजारी बसून खरवडायचे. त्यामुळे तो डाग ऑफिसबाहेर कधी गेलाच नाही. तो ठाऊक होता फक्त भाऊंना, मला आणि डागवहीच्या एका पानाला.

आता माझी करणी सांगते.

वरून नोटिशीचा मसुदा आला, त्यात शेवटी एक परिच्छेद होता. हरकत असेल तर इतक्या दिवसांत, अमुक ठिकाणी, लेखी द्यावी, असा. आमचे साहेब म्हणाले, एवढं सगळं एका पानात मावत नाही, दुसरं पान कोण छापणार. तो भाग गाळा, चावडीवर तोंडी सांगतील. मी गाळला. पुढे बाजाराच्या दिवशी माझी मावशी तांदूळ विकायला लोणावळ्यात आली. तिचं गाव खोऱ्यातलं. बोलता बोलता म्हणाली की नोटीस आल्यापासून लोक घरांचे वासे उतरवायला लागलेत, सरकारने लिहिलं म्हणजे संपलं. मी म्हटलं, अगं, हरकत घेता येते. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग आमाला कुनी सांगितलं का न्हाई?"

त्याच आठवड्यात भाऊ पुतणीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेले. जाताना रजिस्टरात लिहून, माझी सही घेऊन गेले: मशीन शेलारबाईंच्या ताब्यात. शेलारबाई म्हणजे मी. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला पांगले आणि मी तो गाळलेला परिच्छेद स्टेन्सिलवर ठोकला. लाल ड्रम चढवलेलाच होता. दोनशे कागद काढले. कान सारखे दाराकडे, खरवडायचं भानच राहिलं नाही. निरोप धाडून बोलावलेल्या मावशीने गठ्ठा तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि ती गेली.

आठ दिवसांनी चाळीसएक माणसं हरकतीचे अर्ज घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली. साहेबांच्या टेबलावर लाल पत्रक आलं, आणि त्यावर, उजव्या कडेपासून दोन बोटं आत, पाहुणा.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. गावात अशी मशीनं तीन-चार, आपलं असेल तर आपल्यातलाच कुणीतरी फितूर, असं म्हणाले. जुन्या नोटिसा काढून लावून पाहिल्या. त्यांवर डाग कुठला असणार? मग त्यांनी पत्रक भाऊंच्या हातात दिलं. गुरुवारी पुण्याचे मोठे साहेब येतायत, तोवर तपासून सांगा हा डाग कोणाचा. आपला निघाला तर रजिस्टर आहेच, कोणत्या दिवशी मशीन कोणाकडे होतं ते कळेलच. भाऊंनी पत्रकाकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

चार दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मशीनच्या खोलीचं दार लोटून आत बसायचे. मी बाहेर टाइप करायचे आणि कान आतल्या आवाजाकडे. कधी हँडल फिरायचं, कधी काहीतरी घासल्यासारखं. घरी आई विचारायची, ताप आहे का गं? ताट मी तसंच सरकवायचे. दारात सायकल थांबली तरी उठून खिडकीतून बघायचे. शंभरदा वाटलं, आत जावं आणि भाऊंच्या पाया पडावं. पण पाया पडून सांगायचं काय, की तुम्ही खोटं बोला? जो माणूस अकरा कागदांचा कबुलीजबाब देतो त्याला? त्याच्या मागे जेवणारी तोंडं नऊ. मी नाही गेले. मी भ्याले होते, उगाच दुसरं नाव कशाला देऊ.

गुरुवारी मोठे साहेब आले आणि जबाब उतरवून घ्यायला मलाच बसवलं. शॉर्टहँड येणारी मीच एकटी. भाऊ पाणी पिऊन आत आले. टोपी काढून हातात धरलेली. मोठ्या साहेबांनी आधी मशीन आणवलं आणि लाल ड्रमवर शंभर कागद काढायला लावले. मी मनात मोजत होते. पन्नास झाले, साठ झाले, शंभर झाले. एकाही कागदावर पाहुणा नाही. डागवही मागवली, पान न् पान चाळली. त्यातही नाही.

मोठे साहेब म्हणाले, म्हणजे हे तुमच्या मशीनचं नाही. मग दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनचं आहे, असं लिहून द्या. आम्ही त्या मशीनवाल्यांना उचलतो.

भाऊंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली.

"साहेब, मला वळखता येत न्हाई."

"आपल्या मशीनचा आहे की नाही, एवढं सांगा."

"न्हाई येत वळखता. कुनाचा हाय ते बी न्हाई, आन् कुनाचा न्हाई ते बी न्हाई."

मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळून म्हणाले, हाच का तुमचा कुळगोत्र सांगणारा? आमचे साहेब लालबुंद झाले. सात वर्षं सरकारचा पगार खाऊन मशीनचा डाग ओळखता येत नाही, मग ही वही काय पोरं खेळवायला ठेवली होती? भाऊ म्हणाले, माझी नजर गेली असेल, मला तेवढं समजत नाही. शब्द न् शब्द मी उतरवून घेतला. त्या खोलीत उठून उभं राहायचं होतं ते मी. मी खाली मान घालून पूर्णविराम दिला.

चौकशी तिथेच विरली, पण भाऊंचं मशीन गेलं. पुण्याहून नवा माणूस आला. भाऊंना व्हरांड्यात टेबल दिलं, पाकिटांवर तिकिटं चिकटवायला. पाऊस आडवा आला की पाठ भिजायची. नवा माणूस येता-जाता डाग पडलेला कागद त्यांच्यासमोर धरायचा, काय भाऊ, ओळखता येतो का? सगळे हसायचे. भाऊही कसनुसे हसायचे. मला हसू येत नव्हतं आणि बोलायचीही छाती नव्हती.

पुढे एकदा नवा माणूस रजेवर होता, तेव्हा मी लाल ड्रम उतरवून पाहिला. स्टेन्सिल अडकवायच्या लोखंडी पट्टीखाली केसाएवढी चीर होती. तिथून शाई झिरपत असणार. ती चीर आतून लाखेने भरून, घासून गुळगुळीत केलेली. तीन वर्षं न सापडलेली खोट भाऊंना त्या चार दिवसांत सापडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती वहीत लिहिली नव्हती. वही रद्दीच्या कपाटात पडली होती. शिवणीतून एक पान काढलेलं. त्याच्या जोडीचं पान सुटून लोंबत होतं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

वर्षभरात ऑफिस बंद झालं आणि आम्ही पांगलो. भाऊ निवृत्त झाल्याचं कानावर आलं. माझं लग्न झालं, मी वडगावला आले. मावशीच्या गावाने भांडून निदान बरी जमीन पदरात पाडून घेतली, ती घेताना भाऊंचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

दहा-बारा वर्षं गेली असतील. सोमाटणे फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. शेजारी कोणी म्हातारा येऊन उभा राहिला. बोटं स्वच्छ होती, म्हणून पटकन ओळखलं नाही. भाऊच. बरं आहे ना, मुलं किती, असं सगळं विचारून झालं. नातू शाळामास्तर झाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. आजूबाजूला फारसं कोणी नव्हतं. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं ओठांशी आलं.

"भाऊ, ते लाल पत्रक..."

त्यांनी हात वर केला. चेहरा झर्रकन उतरला. तोच, टोपी हातात धरून उभा राहिलेला चेहरा.

"नका सांगू बाई. मी साहेबाला म्हनलो, मला वळखता येत न्हाई. आता तुमी तोंडानं सांगितलंत तर मला म्हायती झालं. मंग कुनी येऊन इचारलं, तर मला सांगावं लागंल."

आता कोण येणार होतं विचारायला? धरण भरलं होतं, ते साहेब वारले होते. हे मी बोलून दाखवलं असतं, पण त्यांचा हात अजून वरच होता. मी म्हटलं, बरं भाऊ, नाही सांगत. त्यांनी मान हलवली, इकडे तिकडे पाहिलं आणि दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. आम्ही दोघं बोलताना कुणाला दिसायला नको म्हणून.

गाडी आली. ते पुढे बसले, मी मागे. वडगावला उतरून मी त्यांच्या खिडकीवरून गेले. भाऊ समोर बघत होते, सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्यांना हाक मारावी, निदान नमस्कार करावा, असं फार वाटलं. पण त्याने ते आणखी भ्याले असते, म्हणून अनोळखी बाईसारखी मी तशीच पुढे निघून गेले.